चमचाभर साखर

“चित्रं ठेवा, नाव ठेवा. फक्त आवाज काढून टाका,” फोनवरच्या वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात धाक नव्हता. उलट, आपण समोरच्याच्या पदरात बरंच काही टाकतो आहोत, असा समजूतदारपणा होता.

त्याने खिडकी लावून घेतली. “उलट नाही का करता येणार? चित्रं काढून टाकतो, नावही काढून टाकतो. आवाज तेवढा राहू द्या.”

वकीलबाई हसल्या. असलं मागणं मागणारे तुम्ही पहिलेच, म्हणाल्या. मग त्यांनी सारं पुन्हा एकदा समजावलं. रागीट मुंगी हे कार्टून मालिकेतलं पात्र कंपनीची मालमत्ता. मालिका बंद पडून कितीही वर्षं लोटली तरी मालकी संपत नाही. आता ती नव्या आवाजात पुन्हा सुरू होणार होती, आणि जुना आवाज घरोघरच्या मोबाइलमधून फिरत राहणं कंपनीला परवडणारं नव्हतं. अ‍ॅप त्याने एकट्याने, हौसेने बनवलं, फुकट वाटलं, हे सगळं मान्य. पण ती हौस त्याने दुसऱ्याच्या ऐवजावर फेडली होती.

तो ऐकत होता. टेबलावरच्या टॅबमध्ये मुंगी चारही हात कमरेवर ठेवून उभी होती. तिच्याखालचं एखादं बटण दाबलं की जुन्या भागांतलं एक वाक्य ती फाडकन ऐकवी. ती वाक्यं त्याने एकेक करून कापली होती, त्यांच्यावरची खरखर पुसली होती. मुलं अ‍ॅपवर खूश होती. त्याने ते मुलांसाठी केलं नव्हतं.

मुंगीला आवाज देणारी बाई आत स्वयंपाकघरात चहा गाळत होती. ती त्याची बायको. तिच्या घशातलं स्वरयंत्र काढून दोन वर्षं होत आली होती. सुरुवातीला ती पाटीवर लिहून दाखवी. अक्षर सुरेख होतं. पण वाचून झाल्यावर घर आधीपेक्षा जास्त गप्प वाटे. मग त्याने अ‍ॅप केलं, आणि भिंतींना पुन्हा कंठ फुटला. तिचे ओठ हलू लागले की तो लगबगीने टॅब पुढे करी. तिला श्रम नकोत. ती बटण दाबी. “कुठे उलथला होतास?” मुंगी विचारी. “पुरे तुझी बडबड.” आणि चहाच्या वेळी न चुकता, “चमचाभर साखर, नाहीतर मी चालले वारुळात.”

या शेवटच्या वाक्याच्या टोकाला एक दाबलेलं हसू होतं. कधीकाळी स्टुडिओत ते तिला आवरलं नव्हतं आणि कुणी कापलंही नव्हतं. त्या अर्ध्या श्वासासाठी तो डोळे मिटून घेई. हरवलेल्या गावाची वाट पापण्यांआड असावी, तसा. मग डोळे उघडून तिच्या कपात चमचाभर साखर घाली. ती अर्धाच कप पिई. अशक्तपणा अजून गेला नाही, असं तो म्हणे.

“पण त्या आवाजाशी तुमचा संबंध काय?” वकीलबाईंनी विचारलं.

“माझ्या बायकोचा आहे तो.”

पलीकडचा सूर मऊ झाला. आवाज कायमचा लिहून दिलेला आहे खरा, त्या म्हणाल्या, पण खुद्द त्यांनी विनंती केली तर मी वर शब्द टाकून बघते. “त्यांनाच द्या ना फोन. दोनच शब्द बोलू देत.”

फोन स्पीकरवर होता. ती दोन कप घेऊन दारात उभी होती. तिचे ओठ हलले. त्याने मान वळवली.

“ती कामात आहे,” तो म्हणाला. “आवाज कशाला, सगळंच काढून टाकतो.”

एकही प्रत मागे ठेवू नका, असं बजावून वकीलबाईंनी फोन ठेवला. त्याने अ‍ॅप स्टोअरवरून उतरवलं. कापून ठेवलेली मूळ वाक्यंही पुसली. उरली ती टॅबमधली मुंगी. घरात डोकावून पाहायला कोण येणार होतं?

“ही राहू दे आपल्यापुरती,” असं म्हणत त्याने टॅब तिच्या हाती दिला.

तिने कप खाली ठेवले. मुंगीच्या चित्रावर अंगठा टेकवला आणि उचललाच नाही. ती वाक्य शोधते आहे, असं त्याला वाटलं. चित्र थरथरलं. तिने आणखी एकदा बोट टेकवलं, आणि अ‍ॅप होतं तिथे मोकळी जागा उरली.

“हे काय केलंस?” त्याचा आवाज चिरकला. “तुझं काय उरलं आता माझ्याजवळ?”

तिचे ओठ हलले. त्याचा हात सवयीने टॅबकडे गेला. त्याने टॅब तिच्यापुढे धरला. तिने तो काढून घेतला, टेबलावर पालथा घातला. खुर्ची जवळ ओढली. दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला आणि पुन्हा बोलू लागली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

आता कुठे पाहायचं, हे त्याला कळेना. मग त्याने पाहिलं. तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ते दाबलेलं हसू होतं. तेच.

नुकतंच वाचायला शिकणाऱ्या मुलासारखा, एकेका शब्दावर अडखळत, तो तिचं वाक्य मोठ्याने म्हणू लागला.

“ऑपरेशन… झाल्यापासून… मला… साखर… सोसत नाही.”