आयुधपूजेची सुट्टी

तंजावूरजवळच्या आमच्या शर्टांच्या कारखान्यात मालक अनिरुद्धरावांनी आयुधपूजेला प्रत्येक शिलाई मशीनला स्वतः चंदन-कुंकू लावलं. "पूजा झालेल्या हत्याराला उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. पाप लागतं," त्यांनी सगळ्यांना बजावलं.

शिलाईवाल्या बायका डबे उचलून घरी निघाल्या, तर फाटकाला कुलूप.

"सुट्टी मशीनला आहे, तुम्हाला नाही. परवा माल जायचाय. बसा, हातानं बटणं लावा," मालक म्हणाले. मग उरलेल्या चंदन-कुंकवाचं ताट माझ्याकडे देत, तमिळ बायकांना कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "सौम्या, तू सुपरवायझर आहेस. एकीलाही सोडायचं नाही."

गावाकडे नेणारी गाडी संध्याकाळीच येणार होती. बायका मुकाट्यानं शर्टांच्या ढिगाऱ्यांसमोर बसल्या. ताट हातात घेऊन मीही तिथंच.

तासाभरानं मालक बघायला आले. एकही बटण लागलेलं नव्हतं, आणि ताट रिकामं होतं.

"अगं बायांनो, हात चालवा की!" ते ओरडले.

 

पुढच्या रांगेतल्या मलरनं दोन्ही तळहात समोर धरले. चंदनानं माखलेले, मधोमध कुंकू.

"मालक, पाप लागेल."