कोल्ड स्टोरेजमधली नोकरी

"यात तुमच्यासाठी काय आहे?" व्हिसाच्या अधिकाऱ्यानं समोर बसलेल्या बाईला विचारलं.

टेबलावर मेसेजचे छापील कागद होते. प्रत्येकाच्या माथ्यावर परदेशातल्या एका तुरुंगाचं नाव आणि कैद्याचा नंबर. खाली तिच्या नवऱ्यानं लिहिलेलं:

आज ओव्हरटाइम होता. पाय दुखतात, पण साहेब खूश आहेत.

पुढच्या कागदावर:

बढती मिळणार असं कानावर आलंय.

"बाई, नवरा तुरुंगात आहे हे तुम्ही अर्जात लपवलं नाहीत, चांगलं केलंत. तुरुंगातला माणूसही बायकोला बोलावून घेऊ शकतो. तुम्ही तिकडं राहाल, दर रविवारी त्याला भेटाल. फक्त संसार खरा आहे एवढं मला दिसायला हवं. आणि इथं तर सगळं खोटं लिहिलंय. खोटं आहे हे तुम्हा दोघांनाही ठाऊक. नवरा बायकोशी असं बोलतो?"

"ते माझ्यासाठी नाहीच, साहेब. सासूबाईंसाठी आहे. वरचं तुरुंगाचं नाव काढून मी त्यांच्या फोनवर पाठवते."

"आणि तुमच्यासाठी?"

तिनं एकेका कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. शेवटची ओळ सगळीकडे एकच होती.

बाकी तुला माहीतच आहे.

अधिकाऱ्यानं ती वाचली. परत वाचली. माणूस वाईट नव्हता.

"एवढ्यावर नाही हो देता येत," तो म्हणाला. "घरातल्या कुणीतरी सांगायला हवं. मुलगा तुरुंगात आहे, तरी सून त्याचीच वाट बघतेय, एवढं. सासूबाई कुठं असतात?"

"बाहेर बाकावर बसल्यात."

"मग बोलवा की. पण आधी त्यांना खरं कळायला हवं." तो थांबला. "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

एक उत्तर होतं: मी सांगते.

दुसरं: तुम्हीच सांगा, माझी जीभ रेटत नाही.

तिसरं उत्तर नव्हतंच. पहिल्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं, एवढंच. आठ दिवसांत सुटेल, उगाच आईच्या जिवाला घोर नको, असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं.

ती उठून दाराशी गेली.

"झालं का गं?" सासू आत येता येताच म्हणाली. "मला वाटलं, तुला इथूनच विमानात बसवलं."

अधिकाऱ्यानं सगळे कागद चटकन पालथे केले.

"बसा आजी. मुलगा काय करतो तुमचा?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच जणू ती घरातून निघाली होती.

"कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. आता बढती होईल. राहणं-जेवण सगळं कंपनीचं, एक पैसा लागत नाही. जेवायला मात्र ताट घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. घरी पाण्याचा पेला हातात द्यावा लागायचा त्याला! खोलीत दोघं असतात. खालचा घोरतो मेला. आणि दिवे लवकर घालवतात, तिकडं वीज महाग ना."

"घरी कधी येणार?"

"मालक सोडतच नाही हो. एवढं काम आवडतं त्याचं."

अधिकाऱ्यानं सुनेकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली. "आई, ऐका जरा. तो..."

"थांब गं, साहेबांना दाखवू दे." सासूनं पर्समधून फोन काढला, चष्मा नाकावर चढवला आणि रोज संध्याकाळी शेजारणींना वाचून दाखवायची तशी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "'आई, परवा मालकाचा कुत्रा माझ्याच पायाशी येऊन झोपला.' बघा! मुक्या जनावरालाही माणूस कळतो, साहेब."

कुत्र्याचं सुनेनंही पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला हसू आलं होतं. किती छान जमलंय, असं तिनं उलट कळवलंही होतं.

सासू पुढचा मेसेज शोधत होती. चेहरा उजळलेला होता.

"साहेब," सून म्हणाली, "अर्ज परत घेते मी."

"परत घेतलात तर पहिल्यापासून रांग. दीड वर्ष तरी कुठं गेलं नाही. आजी समोर बसल्यात, बाई. दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे."

"नक्की?"

तिनं मान हलवली. त्यानं पालथ्या कागदांवर अर्ज ठेवला आणि गठ्ठा तसाच पालथा तिच्या हातात दिला.

"काय झालं? परत का घेतेस?" सासू एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

"फोटो चालत नाही म्हणाले, आई."

बाहेर बोळात आल्यावर सासू मोकळेपणानं बोलायला लागली. "तरी मी म्हटलंच होतं! कोण मेल्यासारखा चेहरा केलायस त्या फोटोत. असल्या बायकोला कोण बोलावून घेईल? तू कशाला डोळे पुसतेस, फोटोच तर आहे. दुसरा काढू." तिनं सुनेला दंडाला धरून पांढऱ्या भिंतीशी उभं केलं. हातातले कागद स्वतःच्या काखेत घेतले, पालथेच. "पाठ टेकव. हनुवटी वर. इकडंतिकडं नको, अगदी समोर बघ."

सून समोर बघत उभी राहिली.

सासूनं फोन डोळ्यांसमोर धरला.

"हस की गं," ती म्हणाली. "नवऱ्याकडे चाललीयस."