दुसरं कडवं

"आधी हा धिंगाणा बंद कर!" माझ्या रॉक गाण्यांवर माझ्या वडिलांचं, अण्णांचं, आयुष्यभर हेच मत.

जुन्या ब्लूज आणि लोकगीतांचा अल्बम करायला घेतला, तेव्हा त्यांच्या आवडीचं एक गाणं मी मुद्दाम त्यांच्याच पलंगापाशी बसून रेकॉर्ड केलं. दुसऱ्या कडव्याला अण्णा डोळे मिटून चक्क माझ्याबरोबर गुणगुणायला लागले. रेकॉर्डर तसाच स्टुडिओत नेऊन दिला.

आठवड्याभरात अण्णा गेले. जरा सावरल्यावर स्टुडिओत गेलो आणि म्हटलं, "आधी ते गाणं लाव."

रेकॉर्डिस्ट खुशीत होता.



"दादा, दुसऱ्या कडव्यात मागे कोणीतरी सारखं हूं हूं करत होतं. दोन दिवस खपून साफ केलं, रेकॉर्डरमधलंही पुसून टाकलं. आता कान लावून ऐका, नावालासुद्धा सापडायचं नाही!"