हिरव्या दोऱ्याचं शिंग

नुकत्याच चालू लागलेल्या पोराच्या पायांना रीतीप्रमाणे बांधलेला काळा-पांढरा दोरा कापला, पोरगं दोन पावलं चाललं आणि धपकन बसलं. सगळे हसले. लेकाच्या या सोहळ्याला आदिलेतच्या घरी आज अर्धं गाव जमलं होतं. मांसाची परात आली, कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांची रास पडली, आणि सगळ्यांत थोर म्हणून कालबुबू आपाला दारापासून लांबच्या, मानाच्या जागी बसवलं होतं.

आपा जेवत नव्हती. ती खाली अंथरलेल्या शिरदाकाकडे, लोकरीच्या नक्षीदार जाजमाकडे बघत होती. लोकर कुटून, तिच्यातून मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कापून, टाक्यावर टाका घालत हा शिरदाक तिनेच केला होता, आदिलेतच्या बायकोला, चोलपोनला लग्नात द्यायला. शेवटच्या शिंगापाशी लाल दोरा संपला. लग्न दुसऱ्या दिवशी, दुकान बंद. तेवढं शिंग तिने हिरव्या दोऱ्याने शिवलं. असं शिंग जगात दुसरं नव्हतं.

म्हणूनच काल दुपारी नातीच्या फोनवर ते दिसलं तेव्हा आपाने ते लगेच ओळखलं.

बेगिमाय अकरा वर्षांची. तिची आई मॉस्कोत हॉटेलात भांडी घासते. फोन नसला तर लेकीला आई दिसायची कुठून? म्हणून रोज एक तास, घड्याळ लावून. तास झाला की फोन पेटीत आणि पेटीची किल्ली आपाच्या गळ्यात. त्या किल्लीची केवढी मिजास होती म्हातारीला! तास मोजत बसली, पण त्या तासात घरात कोण शिरतंय ते काही पाहिलं नाही. शिरली होती ‘अयाना’. वय अकरा, मांजरांची आवड. ‘हे बघ माझं मांजर,’ असं लिहून अयानाने फोटो धाडला होता. शिरदाकावर मांजर, मांजराशेजारी हिरवं शिंग, आणि कडेला चुकून आलेला एक अंगठा, नख काळंनिळं. खाली लिहिलं होतं, ‘आता तू पाठव. मी सांगितला तसलाच. नाहीतर आधीचा तुझ्या आईला दाखवीन.’

पोर तीन दिवस धड जेवली नव्हती. आपाला वाटलं होतं, जंत झाले असतील.

“घ्या ना, आपा.” आदिलेतने चहाची वाटी पुढे केली, मोठ्यांना द्यावी तशी अर्धीच भरलेली, दुसरा हात छातीवर. वाटीवरच्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. गेल्या आठवड्यात गाडीच्या दारात चेंगरलं होतं ते. “बेगिमाय नाही आली?”

“पोट दुखतंय म्हणाली.”

“पोट कसलं! फोनला चिकटली असेल.” पाहुण्यांकडे बघून तो हसला. “काढून घ्या हो तिच्याकडून. आजकाल काय काय लोक असतात त्यात.”

चोर तो चोर आणि वर शिरजोर! आपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही.

“घेतलाय की,” ती म्हणाली. खिशातून फोन काढून तिने तो मांजराचा फोटो समोर आणला आणि फोन आदिलेतच्या बायकोच्या हातात दिला. “चोलपोन, पोरी, तू बघ. खालचं सगळं वाच.”

चोलपोनच्या कडेवर पोर होतं. तिने वाचलं. मग शिरदाकाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या अंगठ्याकडे. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“काय आहे? आण इकडे!” आदिलेतने हात पुढे केला.

“राहू दे तिच्याकडे. माझ्या नातीला काय काय लिहिलंस ते सगळं सकाळीच पोलिसांकडे दिलंय. ते त्यांचं करतील. मी माझं करायला आलेय.”

एका पाहुण्याने घाईघाईने सावरून घेतलं, “आपा, आधी लेकराला दुवा द्या. बाकीचं मग बोलू.”

“देते की. त्याचा काय दोष?”

आपाने तळवे वर केले. साऱ्यांचे तळवे वर झाले. “पाय घट्ट रोव, बाळा. लांब जा. आईच्या वळणावर जा.”

“ओमीन,” म्हणत सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

“हे लेकाचं झालं,” आपा म्हणाली. “आता बापाचं.”

आणि तिने हात उलटे केले. तळवे जमिनीकडे, हातांच्या पाठी आभाळाकडे.

उलट्या हाताची दुवा गावात कुणी देत नाही. आपाने ती आयुष्यात एकदाच पाहिली होती, लहानपणी. ज्याला मिळाली त्याच्या दारात पुढे कुणी चहा प्यायलं नाही, आणि त्याच्या मयताला चार माणसं जमली नाहीत.

आदिलेत गुडघ्यांवर आला. “नको, आपा! पोलिसांत द्या, तुरुंगात घाला, पण हे नको!”

“माझ्या पोरीच्या घशाखाली तीन दिवस घास उतरला नाही,” आपा म्हणाली. “तुझ्याही न उतरो. तुझ्या हाताची वाटी कुणी न घेवो.”

ती थांबली. ‘ओमीन’ म्हटल्याशिवाय दुवा लागत नाही, सुलटी असो की उलटी. पाहुणे माना खाली घालून बसले. कुणाचे हात मांडीवरून हलेनात.

चोलपोनने पोराला कडेवरून उतरवलं, हिरव्या शिंगावर बसवलं. मग आपले दोन्ही हात समोर धरले आणि सावकाश उलटे केले.

“ओमीन,” ती म्हणाली.