सरांची टिचकी

भट्टीतून निघालेल्या प्रत्येक भांड्याला आमचे सर कान लावून टिचकी मारायचे. आवाज बद्द आला की आत तडा आहे असं समजायचं. मग ते भांडं माझ्याच हातानं फोडायला लावायचे. वर म्हणायचे, "रडतेस काय? जगातली माती संपली का?"

माझ्या पहिल्या प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी मोठ्या बरणीला टिचकी मारली आणि पहिल्यांदाच म्हणाले, "खणखणीत!" त्या एका शब्दाच्या जोरावर मी चाळीस वर्षं मुलींना शिकवलं. बरणीला पुन्हा कधी टिचकी मारली नाही. सरांनी पारखलेलं आपण काय पारखायचं?

परवा माझ्या प्रदर्शनाला सरांची लेक आली. त्याच बरणीपाशी मी तिला हे सगळं कौतुकानं सांगितलं, तर ती हसायलाच लागली.

"अहो ताई, त्या वर्षी बाबा ठार बहिरे झाले होते! कुणाला कळू नये म्हणून टिचक्या मारत राहायचे."

प्रदर्शन संपल्यावर बरणी घरी आणली, मांडीवर घेतली, टिचकीसाठी बोट वाकवलं…

आणि मूठ मिटून घेतली.