अर्नाळा कुणालाच नको

"मला अर्नाळा नको," मीराबाई म्हणाल्या आणि नकाशावर टोचलेल्या आपल्या नावाच्या टाचणीवर त्यांनी बोट ठेवलं.

कमलाकांत मानकरांना भरून आलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसण्याच्या वयात ते घरच्या डायनिंग टेबलावर वसईची मोहीम आखत होते. मराठे विरुद्ध पोर्तुगीज. शिशाचे बोटभर शिपाई, काड्यापेट्या रंगवून केलेले बुरूज, निळ्या जिलेटिन कागदाची खाडी. फासे टाकून, नियमांनी खेळायचा हा खेळ. फक्त त्याला माणसं लागतात आणि ती मिळत नव्हती. एकट्यानंच दोन्ही बाजू लढवून मानकर कंटाळले होते. मराठ्यांचा डाव पोर्तुगिजांना नेहमी आधीच कळायचा. शेवटी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'आखणी पूर्ण झाली आहे. रविवारी संध्याकाळी माझ्याकडे नकाशावर प्रत्येकाला त्याचं ठिकाण नेमून दिलं जाईल. इच्छुकांनी यावं.'

बिल्डिंग पावसाळ्यानंतर पाडायची होती आणि मानकर पुनर्विकास समितीवर होते. या दोन गोष्टींचा आपल्या खेळाशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांना वाटलं, दोघंतिघं येतील. आख्खी बिल्डिंग आली. खुर्च्या संपल्या, माणसं पलंगावर बसली. मानकर येईल त्याच्या नावाची टाचणी टोचत गेले आणि माणसं टाचणी बघून भांडायला लागली. सेनापती असेच हवेत, असं मानकरांना वाटलं.

"अर्नाळा का नको?" त्यांनी प्रेमानं विचारलं. "फार मोक्याची जागा आहे ती."

"मोक्याची? ते बेट आहे ना हो?"

"म्हणून तर मोक्याची."

"म्हणजे मी रोज दादरला होडीनं यायचं?"

"ते भरतीवर आहे. ओहोटीला चिखल असतो. घोडे रुततात."

मीराबाईंनी तळमजल्यावरच्या गणपत गावड्यांकडे पाहिलं.

"घोडे कित्याक?" गावडे म्हणाले. "बिल्डर भाडा देतलो म्हणालो होतो." मग समितीच्या माणसाशी बोलतोय हे लक्षात येऊन ते शुद्ध मराठीत आले. "माझी ठाण्याबद्दल तक्रार नाही, मानकर. पण आत्ता तुम्हीच म्हणालात, मराठे पहिले ठाण्यावर चालून येणार. मी जाऊन बसलो आणि ते आले तर?"

"अहो, तुम्हीच मराठे आहात."

"ता काय खोटा नाय," गावडे विचारात पडले. "पण बाकीचे कोण येणार आहेत?"

"काका, सिंपल सांगा," दुसऱ्या मजल्यावरची सुरुची म्हणाली. ती बँकेत होती आणि सभेत तिचा आवाज कायम मोजका असे. "वसई कुणाला?"

"वसईत मी आधीच पोर्तुगीज बसवलेत."

"बघा," सुरुची सगळ्यांकडे वळून म्हणाली. "चांगली जागा बाहेरच्यांना देऊन झाली."

खोलीत कुजबुज वाढली. कुणीतरी विचारलं, नवी बिल्डिंग होईपर्यंत ट्रान्झिटला किती महिने राहायचं? 'ट्रान्झिट' म्हटल्यावर मानकरांना सगळं कळलं.

आता खरं सांगितलं तर माणसं उठून जाणार. इतकी माणसं या टेबलाभोवती पुन्हा जमणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी सांगितलं. हा खेळ आहे, पुनर्विकासाशी याचा काहीएक संबंध नाही, कुणालाही कुठंही जायचं नाही. सांगून झाल्यावर ते दाराजवळच्या चपलांकडे बघत उभे राहिले.

कुणी उठलं नाही.

"तुम्ही समितीवर आहात," सुरुची समजुतीनं म्हणाली. "उघड बोलता येत नसणार. आम्हाला कळतं, काका."

"अगं, खरंच खेळ आहे. हे बघ, फासे."

त्यानं प्रकरण चिघळलं.

"फाशांवर ठरवणार?" गावडे म्हणाले. "निदान चिठ्ठ्या तरी टाका. काय पद्धत असते की नाही?"

"ज्यांना खेळायचं नसेल त्यांनी जावं," मानकर थकून म्हणाले. "जबरदस्ती नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जो उठेल त्याची टाचणी निघेल, हे कुणाला सांगावं लागलं नाही. गावड्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आम्ही खेळतो. पण निषेध नोंदवून."

"निषेध नोंदवून," सगळे म्हणाले.

मीराबाईंनी देवाचं नाव घेऊन फासा टाकला. सहा पडले. आता तुम्ही सैन्यासह खाडी ओलांडू शकता, असं मानकरांनी सांगितल्यावर त्यांनी अर्नाळ्याची टाचणी उपटली आणि थेट वर्सोव्यात टोचली. वर्सोव्याचे जोशी खवळले. मग कुणी थांबेना. गावड्यांनी पहिल्या मजल्याशी तह केला. सुरुचीनं तिसऱ्या मजल्याची रसद तोडली आणि पोर्तुगिजांना हुसकून वसई घेतली; इतकी स्वच्छ चाल मानकरांना कधी सुचली नव्हती. ते टेबलाभोवती फिरत नियम सांगत होते, कुणाला किती पावलं ते मोजून देत होते. आपण इतके आनंदात का आहोत, हे त्यांना नीट समजत नव्हतं. आपण नक्की काय खेळतोय, हेही.

"मानकर," गावडे मान वर न करता म्हणाले, "तुमची टाचणी खंय दिसत नाय."

"मी पंच आहे," मानकर हसून म्हणाले. "पंचाला जागा नसते."

त्यांची बायको सुमती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. टेबलावरचे शिपाई ती रोज फडक्यानं पुसत असे. खेळ आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं नकाशा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"म्हणजे मलाही नाही का हो?" तिनं विचारलं.