थोडासा उरलाय

“सिस्टर, रक्तात काहीच सापडलं नाही!” डॉक्टरीणबाई कौतुकानं हसल्या.

सिस्टरचा चेहरा मात्र पडला. मांडीवरची पर्स तिनं घट्ट धरली.

वॉर्डात घाईगडबडीत एका एचआयव्हीच्या रुग्णाची सुई तिच्या बोटात घुसली, त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हा ती कुणाला काही बोलली नाही, लगेच घ्यायचं औषध राहून गेलं, आणि तिथंच घात झाला. पुढं गोळी मात्र तिनं कधी चुकवली नाही. घरात तिचं ताट वेगळं, पेला वेगळा. ती आतल्या खोलीत झोपे, नवरा बाहेरच्या. जाऊ सगळ्यांदेखत म्हणे, “भाऊजी म्हणजे देवमाणूस. दुसरा असता तर हिला कधीच घराबाहेर काढलं असतं.” सिस्टर मान खाली घालून आपलं ताट विसळत राही.

“पण तुम्ही दुसरा नमुना दिला होता ना, गर्भाशयाच्या तोंडाचा,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या, “त्यात विषाणू थोडासा सापडला. रक्तात दिसत नसला तरी तिथल्या पेशींत दडून बसतो तो. गोळ्या सोडल्या की डोकं वर काढेल. तेव्हा गोळ्या जन्मभर.”

“म्हणजे... आहे अजून?”

“आहे. पण घाबरू नका. गोळ्या नीट चालू आहेत तोवर तुमच्यापासून नवऱ्याला धोका नाही. इतकी वर्षं उगाच लांब राहिलात हो! बाहेरच बसलेत ना ते? बोलावते, मीच समजावते.”

त्यांचा हात घंटीकडे गेला. सिस्टरनं तो वरच्यावर धरला.

“नको मॅडम. पाया पडते तुमच्या. धोका नाही, हे तेवढं त्यांना सांगू नका.”

डॉक्टरीणबाईंनी हात मागं घेतला. सिस्टर उठून बाहेर आली.

नवरा बाकावर पाय हलवत बसला होता. तिला पाहून तो अंग चोरून बाजूला सरकला.

“काय म्हणाली? गेला का एकदाचा?”

“नाही. आहे अजून. जन्मभर राहणार.”

तोंडातल्या तोंडात शिवी हासडून तो तरातरा पुढं निघाला. मागून चालताना सिस्टरनं कोंडलेला श्वास सोडला. ती सुई टोचण्याआधी त्यानं तिच्यावर कमरेचा पट्टा उगारला नाही, अशी रात्र गेली नव्हती. आणि ती टोचल्यापासून त्याचं बोटही तिला लागलं नव्हतं.